हरिपंडितांची अट नाथमहाराजांनी का मान्य केली असावी?

शिरीषछाया:

सर्व सभासदांना नमस्कार.

संत एकनाथांच्या चरित्रातील एका प्रसंगाविषयी जाणकारांचे मत हवे आहे. प्रसंग अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात मांडतो. नाथांचे चिरंजीव हरिपंडित संस्कृतात व्युत्पन्न होते. वडिलांनी पुराण प्राकृतात, म्हणजे मराठीत, सांगावे आणि कोणाच्याही घरी पान मांडून जेवायला बसावे, हे त्यांना पटेना. म्हणून ते पैठणचे घर सोडून काशीला जाऊन राहिले. त्यांना परत आणण्यासाठी नाथ स्वतः काशीला गेले. यापुढे प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, अशा दोन अटी हरिपंडितांनी घातल्या आणि नाथांनी त्या दोन्ही मान्य केल्या. मग पैठणच्या वाड्यात हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि श्रोत्यांची गर्दी हळूहळू ओसरत गेली.

पुढे सहस्रभोजनाचा संकल्प राहून गेलेल्या एका गरीब वृद्धेच्या घरी नाथ जेवायला गेले. अट मोडू नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितांनीच केला. जेवण झाल्यावर नाथांची पत्रावळ त्यांनी उचलली, तेव्हा तिच्या खाली दुसरी होती, दुसरीखाली तिसरी, आणि अशा हजार पत्रावळी उचलल्यावर मुलाचे डोळे उघडले. कीर्तनात हा शेवट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मात्र माझे मन शेवटापाशी जात नाही, ते मधल्या काळापाशी घुटमळते. चमत्कार घडण्यापूर्वीचे ते महिने, कदाचित वर्षे, नाथांनी कशी काढली असतील? ज्यांनी आयुष्यभर प्राकृताची बाजू घेतली, त्यांनी मुलासाठी ती वाणी बंद ठेवली, हा त्याग मानायचा की तत्त्वाशी केलेली तडजोड?

हा प्रश्न मला का पडला तेही सांगतो, कारण ते लपवून विचारणे योग्य वाटत नाही. माझे वडील चाळीस वर्षे वारकरी परंपरेची कीर्तने करत आले आहेत. गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांना बाहेरगावची कीर्तने बंद करा असे सांगितले. सांगितले म्हणण्यापेक्षा अटच घातली. त्यांनी एका शब्दानेही विरोध केला नाही, घेतलेल्या सगळ्या तारखा फोन करून परत केल्या. पण त्यांच्या टाळांची पिशवी खुंटीला आहे आणि परवा मी पाहिले, की ते खाली बसून टाळांच्या जुन्या दोऱ्या काढून नव्या ओवत होते. वाजवायचे नसलेल्या टाळांना नवी दोरी ओवणारा तो हात पाहिल्यापासून मला हरिपंडितांची आठवण येते आहे.

---

ओवीवाचक:

शिरीषजी, आपण प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

काशीचा प्रसंग एकटा घेतला तर तो तडजोडीसारखा दिसतो. नाथांच्या आयुष्यात मात्र घरासाठी काही बाजूला ठेवण्याची ती पहिली वेळ नव्हती. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वती यांनी त्यांना वाढवले आणि हा मुलगा घरात कोणाला न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला. म्हाताऱ्या आजीआजोबांनी तो वियोग वर्षानुवर्षे सोसला. पुढे गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणजवळ आले, तेव्हाही घरी न जाता पिंपळेश्वराच्या देवळात राहिले, असे परंपरा सांगते. आजोबांनी त्यापूर्वीच जनार्दनस्वामींकडून एक पत्र लिहून आणले होते. हे पत्र जिथे हाती पडेल तिथेच राहावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा, एवढाच त्याचा आशय. नाथांच्या हाती ते वाटेत पडले आणि ते जिथे उभे होते तिथेच थांबले.

या थांबण्याचा विचार करताना मला नेहमी वाटते, की ज्याची सगळी ओढ गुरुसेवेकडे आणि एकांताकडे होती, त्याच्या दृष्टीने हाच मोठा त्याग होता. आपल्याकडे घर सोडणाऱ्याला त्यागी म्हणण्याची सवय आहे. रामदास बोहल्यावरून निघून गेले, ती गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. पण आज्ञा होताच बोहल्यावर उभा राहिलेला आणि मग त्या संसारात शेवटपर्यंत मनापासून राहिलेला माणूस आपल्या डोळ्यांत तितका भरत नाही. जनार्दनस्वामी स्वतः देवगिरीचे किल्लेदार होते, प्रपंचात आणि राजकारणात राहूनच दत्तोपासना करत होते, तेव्हा शिष्यालाही त्यांनी तीच वाट दाखवली यात नवल नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. एकनाथी भागवत ही भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका आहे, १८,०००हून अधिक ओव्यांची. तिच्या सातव्या अध्यायात कपोताची कथा येते. पिलांच्या मोहाने आंधळा झालेला पारवा जाळ्यात सापडलेली बायकामुले पाहून स्वतःही जाळ्यात शिरतो. पुढे सतराव्या अध्यायात गृहस्थाच्या धर्माचे विवेचन आहे आणि मूळ भागवतात तिथे बायको, मुले, आप्त यांचा सहवास हा वाटसरूंच्या भेटीसारखा मानावा आणि घरात अतिथीसारखे राहावे, असे म्हटले आहे. या दोन्ही स्थळांवर शेकडो श्रोत्यांपुढे निरूपण करणारा माणूस स्वतः मुलाच्या मागे काशीला गेला. वरवर पाहता हा विरोध वाटतो. मला तो वाटत नाही, आणि कारण त्या अतिथीच्या दृष्टान्तातच आहे. अतिथी दुसऱ्याच्या घरात आपला हट्ट चालवत नाही. यजमान जिथे बसवील तिथे बसतो, जे वाढील ते जेवतो. नाथ मुलाच्या घरी अतिथीसारखे राहिले. वाडा त्यांचा होता, गादी त्यांची होती, श्रोते त्यांचे होते आणि तरी त्यांनी त्यातले काहीही माझे म्हणून धरून ठेवले नाही.

म्हणून माझे मत असे, की त्यांनी तत्त्व सोडले नाही, तत्त्वावरचा आपला हक्क सोडला. प्राकृत हीन आहे असे ते एकदाही म्हणाल्याचे कुठे नमूद नाही.

---

अंगणवेल:

या चर्चेत एक नाव अजून आले नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. ते नाव नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंचे.

मी कीर्तनकाराची मुलगी आहे. नाथांच्या त्यागाविषयी मी लहानपणी पुष्कळ ऐकले आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात त्या वाड्याचे स्वयंपाकघर उभे राहत असे. भर पावसात रात्री पाहुणे आले, घरात सुके सरपण नव्हते, तेव्हा नाथांनी आपला पलंग मोडून चूल पेटवली, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तो पलंग गिरिजाबाईंचाही होता आणि त्या अपरात्री स्वयंपाकाला उठल्या त्याच होत्या. श्राद्धाचा स्वयंपाक तयार असताना वासाने थांबलेल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला नाथांनी तो वाढला आणि ब्राह्मणांसाठी दुसरा करावा लागला, हेही आपण ऐकतो. एका दिवसात दोन वेळा श्राद्धाचा स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे ज्या बाईने एकदा तरी केला आहे तिलाच कळेल. भाताच्या ओल्या वाफेने भाजलेले मनगट आणि सकाळपासून उपाशी पोट, हे त्या कथेत कोणी सांगत नाही.

नाथांना राग यावा म्हणून पैशाच्या आशेने घरात आलेल्या त्या ब्राह्मणाची गोष्ट मला या सगळ्यांत सर्वांत जवळची वाटते. तो आधी नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. तरीही नाथ रागावले नाहीत, तेव्हा जेवणाच्या वेळी वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवरच त्याने उडी मारली. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणा पडेल. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे, मी पडू देणार नाही. कीर्तनात यावर लोक हसतात. मला मात्र त्या वाक्यात त्या घराचे खरे सूत्र सापडते. नाथांची शांती एकट्याची असती, तर त्या क्षणी ती मोडली असती. ती दोघांची होती, म्हणून टिकली.

माझी आई गेली तेव्हा बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. ती म्हणजे, आपण कीर्तनाला बाहेर पडलो आणि रात्री किती वाजता परत येणार हे तिने कधी विचारले नाही, पण परत आल्यावर दार उघडायला एकदाही दुसरी हाक मारावी लागली नाही. हे सांगताना त्यांना स्वतःच्या चाळीस वर्षांच्या सेवेचा विसर पडला होता.

शिरीषदादा, आपल्या वडिलांनी तारखा परत केल्या, त्याविषयी मनात अपराधी भाव ठेवू नका. आपल्या आईंनी इतकी वर्षे जे दिले, त्यातले थोडे परत करण्याची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली असेल. आपण अट घातली असे आपल्याला वाटते. त्यांना ती अट वाटली असेल का, हे मात्र त्यांना एकदा विचारून पाहा.

आणि पुरणपोळीच्या लोभाने त्या घरी आलेल्या गावबाला विसरू नका. गिरिजाबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे ठेवून घेतले. भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत नाथांनी लिहिले आणि पुढचे या गावबाने पूर्ण केले. पंडित मुलगा घर सोडून गेला होता, तर कोणाला फारसा शहाणा न वाटणारा हा मुलगा घरात राहिला आणि त्या घराच्या पानावर वाढून त्याने रामायण संपवले.

---

साक्षेपी:

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मन भरून आले, तरी दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट साधनांविषयी. नाथांचे निर्याण १५९९ सालचे, फाल्गुन वद्य षष्ठीचे. आपण ज्या कथा सांगतो, त्यांपैकी बहुतेक आपल्यापर्यंत संतचरित्रकार महिपतीबुवांमुळे पोहोचल्या. त्यांचा भक्तविजय १७६२चा आणि भक्तलीलामृत १७७४चे, म्हणजे मध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेली. तेव्हा पत्रावळींचा हिशेब जसाच्या तसा इतिहास म्हणून घेऊ नये. परंतु यातच मला एक महत्त्वाची गोष्ट दिसते. संतचरित्रे लिहिणाऱ्यांना नाथांच्या घरातला बापलेकाचा मतभेद झाकता आला असता. त्यांनी तो झाकला नाही. थोर माणसाचा मुलगा त्याच्याच विचारांच्या विरोधात उभा राहिला आणि घर सोडून गेला, हे वारकरी परंपरेने शतकानुशतके उघडपणे सांगितले. त्याअर्थी तो मतभेद लोकांच्या स्मरणात फार खोल रुतलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट ओवीवाचक यांच्या निष्कर्षाविषयी आहे. नाथांनी तत्त्व सोडले नाही, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत फक्त त्यांनी दिली असे म्हणता येणार नाही. वाड्यात येणारे जे श्रोते संस्कृत जाणत नव्हते, त्या बायका, शेतकरी, कारागीर यांचेही पुराण बंद झाले. मुलाशी समेट करताना नाथांनी त्या लोकांच्या वाट्याचेही काही देऊन टाकले, आणि धर्मकार्य करणाऱ्या माणसाच्या घरगुती त्यागात हा प्रश्न नेहमी येतो. घरासाठी तो जे सोडतो ते पुष्कळदा त्याच्या एकट्याच्या मालकीचे नसते. याला सोपे उत्तर आहे असे मला वाटत नाही.

असे असूनही मी शेवटी नाथांच्या बाजूने झुकतो आणि त्याचे कारण काशी हे स्थळ आहे. एकनाथी भागवत १५७३ साली याच काशीत पूर्ण झाले. प्राकृतात भागवत लिहिल्याबद्दल तिथल्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि अखेर त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली, असे परंपरा सांगते. मराठीचा पक्ष ज्या नगरीत त्यांनी मानाने उभा केला, त्याच नगरीत मुलापुढे तो मुकाट बाजूला ठेवला. परक्या पंडितांपुढे त्यांनी माघार घेतली नाही, पोटच्या पंडितापुढे घेतली. पंडितांशी वाद ग्रंथाचा होता, तो ग्रंथाने जिंकता आला. मुलाशी वाद तसा जिंकला असता तर मुलगा काशीतच राहिला असता.

नाथांच्या चिरंजीवपद या छोट्या प्रकरणाकडेही लक्ष वेधतो. साधकाला लोकांकडून मिळणारा मान कसा हळूहळू गुंतवत जातो, याचे फार बारीक वर्णन त्यात आहे. आधी गोड शब्द, मग मऊ आसन, मग आवडीचे जेवण. भरलेल्या सभेपुढे पुराण सांगणाऱ्या माणसानेच हे लिहावे, याला अर्थ आहे. हरिपंडितांच्या अटीने नाथांची सभा आणि घरोघरचे जेवणाचे मान या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या. मुलाच्या तोंडून आलेली ती अट नाथांनी आपल्याच ग्रंथाची परीक्षा म्हणून घेतली असेल, असा माझा तर्क आहे. पुरावा देता येणार नाही.

नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर पुढे मराठीत महाभारत लिहून गेला. वाड्यातली प्राकृत वाणी काही काळ थांबली असेल, घराण्यातली थांबली नाही.

---

ओवीवाचक:

साक्षेपी, श्रोत्यांचा मुद्दा मी दृष्टिआड केला होता, तो मान्य करतो. गर्दी ओसरली हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण ओसरलेला प्रत्येक माणूस त्या संध्याकाळी घरी जाऊन काय करत असेल, हा विचार मी केला नव्हता.

एका छोट्या गोष्टीची भर घालतो. देवगिरीला असताना गुरूंनी नाथांकडे हिशेबाचे काम दिले होते. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिवा लावून वह्या तपासल्या आणि पहाटे ती पै सापडली, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी जितके लक्ष लावलेस तितके देवाकडे लाव. ही कथा सहसा ईश्वरभक्तीची म्हणून सांगतात. मला ती संसाराचीही वाटते. एका पैचा मेळ बसत नाही तोवर न झोपणारा हा माणूस एका मुलाचा मेळ बसत नसताना पैठणला स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. म्हणून तो काशीला गेला.

---

शिरीषछाया:

आपणा तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण अंगणवेल ताईंनी सुचवलेले आधी करायचे होते.

मी बाबांना विचारले. थेट विचारण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून हा प्रसंगच काढला आणि नाथांना त्या काळात काय वाटले असेल, असे विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की या प्रसंगावर मी कमीत कमी शंभर वेळा कीर्तन केले आणि प्रत्येक वेळी हरिपंडितांना चूक ठरवले, पण त्या मुलाच्या बाजूने कधी विचार केला नाही. ज्याच्या बापाचे घर सदैव लोकांनी भरलेले असते, त्या मुलाला बाप फक्त आपला असावा असे एकदा तरी वाटत असेल. कदाचित भाषेचा आणि जेवणाचा वाद वरवरचा असेल. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

हरिपंडितांविषयी हा अर्थ ग्रंथांत कुठे आहे का, हे साक्षेपी सांगू शकतील. माझ्यापुरता मी तो ठेवून घेतो आहे.

टाळांच्या दोऱ्यांविषयीही विचारले. ते म्हणाले, वापरात नसल्या की दोऱ्या लवकर कुजतात, म्हणून बदलल्या. त्यांच्या मनात दुसरे काही नव्हते, किंवा असले तर त्यांनी सांगितले नाही.

ओवीवाचक यांनी ज्याचा उल्लेख केला, तो सतरावा अध्याय सोमवारपासून ते रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसून वाचत आहेत. सवयीने त्यांचा आवाज सभेत बसलेल्यांना ऐकू जावा असा चढतो, मग आई हात हलवते आणि ते पुन्हा खाली आणतात. काल त्यांनी एका ठिकाणी पान उलटण्याची घाई केली, तेव्हा आईने डोळे मिटलेलेच ठेवून एक ओवी राहिली असे सांगितले. त्यांनी पान मागे घेतले, ती ओवी सापडेपर्यंत बोट फिरवले आणि तिथून पुन्हा वाचायला सुरुवात केली.